ऑलमोस्ट निल

डोळ्यांच्या दवाखान्यात आज डॉक्टर अण्णांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलले, "डाव्या डोळ्याचं व्हिजन ऑलमोस्ट निल. होप्स नेग्लिजिबल." मी मान डोलावली.

"काय म्हणाले रे?" अण्णांनी विचारलं.

"थेंब चालू ठेवायचेत," मी म्हणालो.

बाहेर अण्णांच्या शेजारी बाकावर बसलो आणि मनस्वी संताप आला. माझ्या वडिलांचा डोळा गेला, तोही त्यांना न कळणाऱ्या भाषेत! हार्डली एनी, नेक्स्ट टू नथिंग... काय गुळगुळीत शब्द आहेत! आपल्याकडेही 'नावालाही नाही', 'औषधालाही नाही' म्हणतात, पण ते म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. निल म्हटलं की हात धुऊन मोकळं होता येतं. पण डॉक्टरांवर तरी कशाला चिडू? घरातली प्रत्येक वाईट बातमी मीसुद्धा अशीच इंग्रजीत गुंडाळून ठेवत आलोय.

शेवटी बोललो. "अण्णा, डावा डोळा गेला. आता त्यानं नावालाही दिसणार नाही."

ते म्हणाले, "मग इकडं उजवीकडं येऊन बस की. मघापासून तुझा नुसता आवाजच येतोय."