स्क्रीनवर पळणारी आक्का

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामाला आहे. खऱ्या माणसाच्या हालचाली कॉम्प्युटरमधल्या आकृतीला द्यायच्या, हेच माझं काम. त्यामुळे स्क्रीनवर काय हलतंय आणि कशामुळे, हे मला पक्कं माहीत असतं. म्हणजे... असायचं.

गाव आमचं झरी, परभणी तालुका. माझी थोरली बहीण, आक्का, शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेली. पुढे गच्चीवरून पडली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता व्हीलचेअरवर बसून हातमशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते.

मागच्या दिवाळीत मी ऑफिसचा व्हीआर सेट घरी नेला. डोळ्यांवर हेडसेट, कमरेला आणि दोन्ही पायांना पट्ट्यांनी बांधायचे ट्रॅकर. तुम्ही पाय उचलला तर आतली आकृती उचलते, नाही उचलला तर नाही. इतकं साधं.

"मला बी बांध की. पायाचंबी," आक्का म्हणाली.

"पायाचं कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"असू दे रे. शोभेला."

भरदुपार होती, ओसरीत लख्ख ऊन. आत मी फक्त एक मोकळं मैदान ठेवलं होतं, ते मला लॅपटॉपवर दिसत होतं. आकृती आधी खुर्चीत बसल्यासारखी दिसली. मग उठली.

ट्रॅकर सरकला असेल म्हणून मी खाली बसून आक्काचा घोटा धरला. पट्टी घट्ट होती. पाय थंड, निपचित. आणि लॅपटॉपवर ती पळत होती — वाकून, हूल देऊन, एकाच जागेला वळसे घालत! ट्रॅकर बिघडला की आकृती थरथरते, पाय वेडेवाकडे होतात, ते मी रोज बघतो. हे तसं नव्हतं. लहानपणी मैदानाच्या कडेला बसून पाहिलेली आक्काच होती ती.

"बाळ्या, मी पळायलेय रे!" तिला धाप लागली होती, तरी हसत होती. "खांबापाशी पोचायलेय बघ!"

मैदानात खांब नव्हता. मी ठेवलाच नव्हता.

मी इतका घाबरलो की तिच्या डोक्यावरून हेडसेट ओढूनच काढला.

ती घामाघूम झाली होती. कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडे बघत बसली. "कामून काढलंस?" ती म्हणाली. "हात लागायलाच होता... अजून एक डाव लाव की."

"बिघडलंय, आक्का."

दुसऱ्या दिवशी मी पुणं गाठलं. सेट तपासला, एकदम नीट. स्वतः खुर्चीत बसून, पाय न हलवता पाहिलं. आकृती बसूनच राहिली. ऑफिसातला मित्र म्हणाला, "सेन्सरचा गोंधळ असेल." मी मान डोलावली. खांबाचं त्याला सांगितलं नाही.

फोनवर आक्का दर वेळी विचारायची, "झालं का रे दुरुस्त?" आणि मी म्हणायचो, "न्हाई अजून." पुन्हा लावलं आणि आकृती उठलीच नाही, तर तिला काय सांगू? आणि उठली, तर परत काढून घ्यायचं कुणी? त्या दुपारी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. भीती कशाची वाटली, तेही नाही.

परवा तिनं विचारलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बाळ्या. तुला भ्या वाटत असंल तर ऱ्हाऊ दे."