बिघाड गाडीत आहे, माझ्यात नाही

चांगल्या चालणाऱ्या गाडीला किस्से नसतात. माझी गाडी इतकी वर्षं बिनबोभाट चालली आणि तिच्याबद्दल कुणाला सांगण्यासारखं एक वाक्यही माझ्याकडे नव्हतं. मग एका उन्हाळ्यात तिचं स्टीअरिंग बिघडलं, आणि आता जयपूरच्या आमच्या जवाहर नगरातल्या चार मराठी माणसांना रविवारच्या पोह्यांवर दुसरा विषयच लागत नाही. जो तो आपापल्या परीने सांगतो. सुभेदारसाहेब सांगतात त्यात त्यांचंच शौर्य जास्त असतं. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावं. गाडी माझी होती, आणि इज्जतही माझीच पणाला लागली होती.

*

सुरुवात आमच्याच गल्लीत झाली. मी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. दुपारी घरी येत होते. गल्लीत शिरायला उजवीकडे वळले आणि स्टीअरिंग एकदम दगड झालं. समोर पिवळा दिवा लागला. माझ्या उजव्या खांद्याचं आदल्या वर्षीच ऑपरेशन झालेलं. जोर लावला, पण चाक जेमतेम वळलं, आणि गाडी समोरच्या माथुरजींच्या रॅम्पला जाऊन टेकली.

गाडीला काही झालं नाही, रॅम्पलाही नाही. पण माथुरजी बाहेर आले, त्यांच्या मिसेस आल्या, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर दिवा गायब आणि स्टीअरिंग लोण्यासारखं मऊ! माथुरजींनी आत हात घालून ते फिरवून पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "मैडमजी, अब आराम कीजिए."

संध्याकाळी बंगळुरूहून मुलाचा, निखिलचा फोन. माथुरजींनी त्याला कळवलंच होतं. निखिल जयपुरात वाढलेला, त्याचं मराठी निम्मं हिंदीवर चालतं. "आई, तू जिद नको करू. मतलब, आता एज झालं ना. मी ड्रायव्हर बघतो."

मी म्हटलं, बिघाड गाडीत आहे, माझ्यात नाही. तो म्हणाला, "हां हां, ठीक आहे." हे "हां हां" मला फार लागलं. गाडी चालवता येणं म्हणजे मला वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, कुणाला न विचारता जाता येणं. ते मी सोडणार नव्हते.

*

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात सैनीजींचं वर्कशॉप आहे. माणूस सज्जन, कामाला पक्का. सकाळी गाडी नेली, त्यांनी एक चक्कर मारली. स्टीअरिंग लोणी. त्यांनी टायरमधली हवा तपासून परत पाठवलं.

दोन दिवसांनी दुपारी पुन्हा दगड. सकाळी पुन्हा सैनीजी. पुन्हा लोणी. या वेळी अलाइनमेंट केलं. तिसऱ्या वेळी बॅटरी तपासली, वायर हलवून पाहिल्या, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलेला बिघाडाचा जुना कोड पुसून टाकला.

दवाखान्याच्या दारात पोराचा खोकला थांबतो ना, तसलाच प्रकार. चौथ्या खेपेला सैनीजींनी गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्यासाठी खुर्ची मागवली, ताक मागवलं आणि हळूच विचारलं, "मैडमजी, कंधे की सिकाई चल रही है ना?"

*

म्हटलं, ठीक आहे, आधी खांद्याचाच निकाल लावू. आमच्या पोह्यांच्या मंडळात डॉक्टर पंडित आहेत, हाडांचे डॉक्टर. माझं ऑपरेशन त्यांच्याच हॉस्पिटलात झालेलं. गेले आणि सांगितलं, हात तपासा आणि खरं काय ते बोला.

त्यांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, हं हं केलं. मग म्हणाले, "मीनाताई, वयोमानाप्रमाणे ताकद थोडी कमी होतेच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही." आणि आपली दोन बोटं पुढे केली. "ही दाबा. लागेल तेवढा जोर लावा."

नेमका त्याच वेळी टेबलावर माझा फोन थरथरला. निखिलचा मेसेज होता. त्याने ड्रायव्हर ठरवला होता. फोटोसकट!

मी दाबली.

डॉक्टरांनी बोटं सोडवून घेतली, टेबलाखाली नेली, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बिघाड गाडीत असावा."

*

आता आमचे सुभेदारसाहेब. लष्करात वाहनांच्या दुरुस्तीत उभी हयात गेली, मूळचे कोरेगावकडचे, निवृत्त होऊन इथेच राहिले. त्यांची एक रीत आहे. गाडी कुणाचीही असो, आधी ती चालवणाऱ्याचा जबाब. चालवणाऱ्याने स्टुलावर बसायचं, घडलं ते पहिल्यापासून सांगायचं, आणि त्याचं संपेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. जबाब पुरा होण्याआधी एक स्क्रूसुद्धा सैल करायचा नाही.

मी स्टुलावर बसले आणि बोलत गेले. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मध्येच "अगं बाई" म्हणाल्या, तर त्यांना आत पाठवण्यात आलं. इतक्या दिवसांत माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा पहिलाच माणूस. त्या गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, जबाबात खोट न्हाई. गाडीच लबाड हाय."

मग बॉनेट उघडलं. त्यांचा सगळा जन्म तेलावर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये गेलेला. ते स्टीअरिंगच्या तेलाची टाकी शोधू लागले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली वाकून टॉर्च मारून पाहिलं. बराच वेळ गेला. मग कंबर सरळ केली, हात पुसले आणि गंभीरपणे रिपोर्ट दिला, "टाकी चोरीला गेलीया."

मी त्यांना सांगितलं की या गाडीत तेल नसतंच, विजेची मोटर असते. स्टीअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. हाताने किती जोर लावला ते तो कळवतो, मग मोटर तेवढी मदत करते. सेन्सरचं सांगणं बिनसलं की मोटर मदतच बंद करते. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून काढलं होतं. सुभेदारसाहेबांनी बॉनेट खाली आपटलं. मग म्हणाले, "म्हंजी खबऱ्या फितूर झालाय." आणि त्या दिवसापासून आमच्याकडे त्या सेन्सरला खबऱ्याच म्हणतात.

*

पण पुरावा कुठे होता? आमच्या लॅबचा नियम आहे, रोगी कितीही कण्हला तरी जंतू प्लेटवर वाढवून दाखवल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही. तो वाढवायचा तर त्याला आवडणारी ऊब आणि खाणं द्यावं लागतं. मी विचार करू लागले, या बिघाडाला काय आवडतं?

आणि एके दिवशी लक्षात आलं. कॉलेजात कडुनिंबाखाली गाडी लावली की काही होत नाही. सावलीत जागा मिळाली नाही, गाडी दुपारभर उन्हात तापली, की निघताना उजवीकडच्या पहिल्या पूर्ण वळणाला दगड! आणि मी शहाणी दर वेळी सैनीजींकडे जात होते सकाळच्या गारव्यात, त्यांच्या पत्र्याच्या सावलीत.

मग मोहीम ठरली. ऐन मे महिन्यातली दुपार. गाडी सकाळपासून उन्हात. ती थंड होऊ नये म्हणून एसी बंद, काचा बंद. सुभेदारसाहेबांनी सीकर रोडवरच्या वर्कशॉपपर्यंतचा असा रस्ता आखला की उजवीकडे पूर्ण वळण कुठे येऊच नये. त्यासाठी शहराला मोठा वळसा घातला. सोबत स्वतः सुभेदारसाहेब, डोक्यावर ओला पंचा. मागे सुमनवहिनी, उन्हाची लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा देऊन बसलेल्या. बोलायलाही कुणाच्या तोंडात पाणी उरलं नव्हतं.

वर्कशॉपसमोर उतरलो तेव्हा तिघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले होते. सैनीजी धावत आले. आमच्याकडे पाहिलं, बंद काचांकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "अरे, एसी भी खराब हो गया?"

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, आत्ता, याच क्षणी, फाटकातून उजवीकडे वळा. ते निघाले. वळणावर अर्ध्यात गाडी थांबली, रस्त्यात आडवी. इकडून ट्रक, तिकडून टेम्पो, हॉर्नचा नुसता गदारोळ. आणि सैनीजी दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढतायत, पिवळा दिवा त्यांच्या नाकासमोर!

तशाच गरम गाडीला त्यांनी स्कॅनर लावला. या वेळी कोड ताजा होता आणि सरळ सेन्सरचं नाव सांगत होता. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मैडमजी, आपका कंधा ठीक है." मला तिथेच रडू आलं. कुणाची लाज वाटली नाही.

*

नवा सेन्सर आला, तेव्हा आम्ही तिघं पुन्हा सैनीजींकडे हजर होतो. बॅटरीची तार काढली, चाकं सरळ धरली, स्टीअरिंग उतरवलं, खालचा दांडा मोकळा केला, जुना खबऱ्या गेला आणि नवा बसला. पण नव्याला आधी शिकवावं लागतं की शून्य म्हणजे काय, म्हणजे हाताचा जोर अजिबात नसणं म्हणजे काय. त्यासाठी स्कॅनरवरून हुकूम द्यायचा, आणि तो शिकेपर्यंत स्टीअरिंगला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

सैनीजींनी हुकूम दिला. शिकणं झालं. मी गाडी बाहेर काढली, तर ती आपली डावीकडेच ओढ घेतेय. स्टीअरिंग हलकं, पण मन डावीकडे. सैनीजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. सुभेदारसाहेब अलाइनमेंटवर घसरले. मी खचले होते, खरं सांगते. निखिलचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीच्या ट्रेनने निघणार होता.

तेवढ्यात माझं लक्ष स्टीअरिंगच्या मधोमध गेलं. तिथे ठसठशीत हळदकुंकू.

सुमनवहिनी म्हणाल्या, नवीन भाग बसलाय, तसाच कसा वापरायचा? सगळे त्या स्कॅनरकडे बघत होते तेव्हा त्या पलीकडच्या दारातून वाकल्या होत्या. बोट नीट टेकावं म्हणून दुसऱ्या हाताने स्टीअरिंग घट्ट धरून!

म्हणजे नव्या खबऱ्याने जगात आल्या आल्या वहिनींचा हात हेच शून्य मानलं होतं. पुन्हा शिकवणी लावली. या वेळी सुभेदारसाहेबांनी सगळ्यांना गाडीपासून लांब एका रांगेत उभं केलं, सैनीजींसकट, हात मागे बांधून. वहिनींच्या दोन्ही हातांत त्यांनीच आणलेलं आरतीचं तबक दिलं, म्हणजे हात गुंतलेले राहतील.

गाडी सुतासारखी सरळ गेली.

*

ड्रायव्हर मात्र निघालाच होता. मी निखिलला परोपरीने सांगितलं की गाडी बरी झाली. तो म्हणाला, "हां हां, आई. पण तो ट्रेनमध्ये बसला ना." तिकडे डॉक्टर पंडितांना हॉस्पिटलसाठी माणूस हवाच होता, त्यांच्याशी बोलून ठेवलं, म्हणजे लांबून आलेल्या माणसाचं नुकसान व्हायला नको.

त्याची ट्रेन भर दुपारी दुर्गापुरा स्टेशनवर येणार होती. मी गाडी सकाळपासून उन्हात उभी केली. मुद्दामच. सुभेदारसाहेब सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. ही परीक्षा मला एकटीलाच द्यायची होती.

रामस्वरूप नावाचा मध्यम वयाचा माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पिशवी. मला नमस्कार करून तो थेट उजव्या दारापाशी आला. तिथे मी बसलेली. तो मागच्या दाराकडे गेला, थांबला, मग डावीकडून येऊन माझ्या शेजारी अंग चोरून बसला.

स्टेशनबाहेर रिक्षा, हातगाड्या, माणसं, सगळी खिचडी. मला पूर्ण उजवीकडे वळायचं होतं. गाडी तव्यासारखी तापलेली. मी मुद्दाम उजवा हात लावला, ऑपरेशनवालाच, आणि फिरवत गेले. स्टीअरिंग पाण्यासारखं फिरलं. दोन रिक्षांच्या मधून गाडी अलगद काढली आणि रस्त्याला लावली.

तेवढ्यात रामस्वरूपचा फोन वाजला. निखिल होता. पोहोचलात का, गाडी कशी आहे, विचारत होता. रामस्वरूपने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

"गाड़ी बढ़िया है, भैयाजी. पर ड्राइवर तो आपने पहले से रख रखा है."