निळी चप्पल, तांबडी चप्पल

मी दौंडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, अंगारा यातलं काहीच आमच्याकडे कधी चाललं नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभवही मी आजवर हसून बाजूला ठेवत आले. तरी हे लिहिते आहे... हळूहळू, कारण ते माझ्या बहिणीचं आहे.

सुजाता माझ्याहून मोठी. सासर शिरूर तालुक्यात, इनामगावच्या बाजूला. दोन मुली, दोन्ही सिझेरियन. तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा नवरा ट्रक घेऊन दूर गेलेला. तिला आता मूल नको होतं. मी तिला शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले.

बाहेर बाकावर बसल्यावर पाहिलं, तर तिच्या एका पायात स्वतःची निळी चप्पल, दुसऱ्यात सासूची तांबडी. घाईत निघाली होती.

"म्हातारी आता एका पायावर लंगडी खेळत असंल," ती म्हणाली. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. ते तिचं शेवटचं हसणं.

आत डॉक्टरांनी तपासलंही नाही.

"मुली किती?"

"दोन."

"मग मला भीती वाटते. उद्या केस माझ्यावर येईल. नवऱ्याची सही आणा."

सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि इतक्या लवकर मुलगा की मुलगी कळतही नाही, असं मी म्हटलं.

"ताई फार वाचलेल्या दिसतात," ते म्हणाले. "आमच्याकडे होत नाही. पुण्याला जा."

औषधाच्या दुकानात गोळ्यांचं नाव काढताच दुकानदाराने हात जोडले. "तपासणी लागती मागं. आमी ठेवतच न्हाई."

पुणं. जिल्हा एकच. तिथे माझ्या मैत्रिणीने हेच करून घेतलं आणि ती दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. सुजाताने जायचं तर सासूला काय सांगायचं, पोरी कुणाकडे ठेवायच्या, गोठा कोण बघणार... येत्या रविवारी काहीतरी निमित्त काढून न्यायचं ठरलं. त्याआधीच तिने गावातल्या कुणाकडून तरी काहीतरी घेतलं. ताप उतरेना. त्याच डॉक्टरांनी तिला गाडीतून उतरूही दिलं नाही. "पुण्याला न्या." पुण्यापर्यंत ती पोचली नाही.

आत काय बोलणं झालं ते मी आईला सांगितलं नाही. सांगवलंच नाही.

काही महिन्यांनी आमच्या ग्रंथालयातली शिपाई, मंगल, तिच्या भावजयीची हकिगत सांगत होती. भावजय शिरूरला त्याच दवाखान्यात गेली होती. बाकावर शेजारी एक बाई बसलेली. म्हणाली, "ताई, हितं न्हाई हुत. पुण्याला जावा." हिने वळून पाहिलं तर बाक रिकामा.

"वेडी असंल कुणीतरी," मंगल म्हणाली. "चपला पण दोन रंगाच्या. एक निळी, एक तांबडी."

मी तिला दवाखान्याचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

पुढच्याच सुट्टीला मी भर दुपारी त्या बाकावर जाऊन बसले. मला काही दिसलं नाही. पण जी बाई येऊन बसे ती माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे कान देई, मान हलवी आणि उठून चालू लागे.

"अहो, कुठं निघाला? नंबर आलाय तुमचा!" रिसेप्शनवरची मुलगी ओरडे.

"पुण्याला."

बाळंतपणाची बाई, खोकल्याची म्हातारी, सगळ्याच. डॉक्टर दोनदा दारात येऊन रिकाम्या बाकांकडे बघून गेले. मला घाबरायला हवं होतं. मी मात्र डबा उघडून निवांत जेवले... आणि उजवीकडे सरकून थोडी जास्त जागा करून दिली.

दोन रंगांच्या चपलांची गोष्ट एव्हाना शिरूरभर झाली होती, आणि ती बाई कोण हे डॉक्टरांनीही ओळखलं असावं. सुजाताच्या पहिल्या स्मृतिदिनी दौंडकडच्या आमच्या गावी डॉक्टर आणि त्यांची बायको गाडी घेऊन आले. बुद्धवंदना आटोपून लोक गेलेले. घरात मी आणि आई दोघीच. त्यांच्या बायकोने नारळ, खण, तांदूळ काढून सुजाताच्या फोटोपुढे मांडायला सुरुवात केली.

"आमच्यात ओटी भरत नाहीत," मी म्हटलं.

ती गोंधळली. आई फोटोसमोर, आमच्याकडे पाठ करून बसली होती, डोक्यावर पदर.

डॉक्टर तिच्यामागे उकिडवे बसले. "मावशी, दवाखाना बंद पडायची वेळ आली. तिला म्हणावं, बास. सोडव यातून."

"मुली किती हायेत तुमाला?"

"दोन," ते चटकन म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"मग मला भ्या वाटतं. उद्या केस माज्यावर यील. बायकूची सही आणलीया का?"

"मावशी, मी पाया पडतो..."

"आमच्याकडं न्हाई हुत, डाक्टर. पुण्याला जावा."

ते उठले ते चपला न घालताच गाडीत बसले. बायको मागून नारळ सावरत धावली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते.

मागे कपबशा वाजल्या. स्वयंपाकघरातून आई ट्रे घेऊन येत होती, चुलीच्या धगीने घामाघूम.

"गेली व्हय पावणी? मी कवाची आत चा करतीय, हाक तर मारायची."

फोटोसमोर कुणी नव्हतं.

दवाखान्याला आता कुलूप आहे. शिरूरच्या बायका आधीही पुण्याला जात होत्या, आताही जातात. तेवढं काही बदललेलं नाही. त्या दिवशी फोटोसमोर कोण बसलं होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एवढंच वाटतं, की तिचा चेहरा एकदा माझ्याकडे वळायला हवा होता. त्या वेळी ती हसत होती का, ते मला बघायचं होतं.