कुशाबांच्या भिंतीवरचा पाऊस

मुळशीच्या कुशाबांना अक्षरओळख नव्हती, तरी माझ्या प्रबंधातलं सगळ्यात खरं पान त्यांचं आहे.

१९५९ साली भाताच्या करपा रोगाच्या तीन वर्षांच्या नोंदी घेऊन मी अडून बसलो होतो. रोज किती पाऊस पडला ते कळल्याशिवाय माझी सगळी मेहनत वाया जाणार होती. ते आकडे एका वरिष्ठ साहेबांच्या वहीत होते. "माझा निबंध छापून येऊ दे, मग बघू," म्हणून त्यांनी मला दोनदा वाटेला लावलं. राग आला, खोटं कशाला बोलू!

साहेबांचं पाऊस मोजायचं भांडं कुशाबांच्या अंगणात होतं. रोज सकाळी पाणी मोजून कुशाबा भिंतीवर ज्या त्या वाराच्या खुणेखाली गेरूच्या रेघा ओढत, अर्ध्या इंचाला एक, दर आठवड्याला नवी ओळ. महिन्याने साहेब येऊन त्या वहीत उतरवून नेत. कुशाबांची बायको धोंडाबाई दर दिवाळीला सगळं घर शेणामातीने सारवायची, तेवढी भिंत सोडून. शेजारणी तिला हसायच्या.

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी मी जाऊन, भिंतीवरच्या रेघा उतरवून घेऊ का, असं चाचरत विचारलं.

"घ्या की उतरून," कुशाबा म्हणाले. "पाऊस काय सायबाच्या एकट्याच्या वावरात पडतुया?"

मग त्यांनी माझ्यासमोरच पाणी मोजलं आणि रेघा ओढल्या बुधवारखाली. मी म्हटलं, "कुशाबा, आज गुरुवार."

"व्हय. पर हे पानी दिस उगवायच्या आत पडलंय. म्हंजी कालचंच न्हवं का?"

मी कपाळाला हात लावला. साहेब ती रेघ मोजलेल्या दिवसाची धरत होते; बुधवारखालचं पाणी बुधवारी सकाळी मोजलेलं, म्हणजे मंगळवारी पडलेलं, असं समजत होते. त्यांची अख्खी वही एका दिवसाने चुकली होती, आणि ती कुणाला दाखवलीच नसल्यामुळे चूक कुणाला दिसली नव्हती.

बसू दे चुकत, असं क्षणभर मनात आलं. पण कुशाबांचं वावराचं बोलणं कानात होतं. मी साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. आठवड्याने टपालाने त्यांची वहीच आली, सोबत एक ओळ: "नक्कल करून घ्या. उपकार झाले."

उपकार खरे त्या घराचे. ते फेडायची माझी ऐपत नाही.

दिवाळीआधी प्रबंध पुरा झाल्याचं सांगायला गेलो, तर धोंडाबाई शेणाची पाटी घेऊन उभीच होती.

"समदं उतारलंय का? तुमच्या वहीत, सायबाच्या बी?"

"हो, दोन्हीकडे."

"मग आता माजी भिंत मला द्या," ती म्हणाली आणि सारवायला बसली.