आकारामची पेटी

शिरवळच्या एका रंगाच्या कारखान्यात आकाराम फाटकावर असायचा. चोवीस वर्षं फौजेत, दारूगोळ्याच्या डेपोवर काढून आलेला. त्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: खिशात काडेपेटी असलेली, आणि नाही म्हणणारी. आत जाणाऱ्याची विडी-काडी तो एका लाकडी पेटीत जमा करी आणि सुटीला ज्याची त्याला देई. कुणाचं बंडल कुठलं, हे त्याला घरच्या म्हशींसारखं ओळखू येई.

अडचण केली यशराजसाहेबांनी. नवे सुपरवायझर, तोंडात बॅटरीवर चालणारी, पेनाएवढी ई-सिगारेटची नळी. सरकारनं विकायला बंदी घातलेली, तरी कुठून तरी पैदा केलेली. फुंकली की आंब्याचा वास. थिनरच्या खोलीत कामाला असलेली आकारामची सून उत्कर्षा रोज डोकं धरून घरी येऊ लागली. थिनर सोसतो, वर हा आंबा नको, असं बायकांचं म्हणणं. यात जाळ नाही, नुसती वाफ आहे, असं साहेबांचं.

"छाती माझी आहे, काका. तिच्यात काय भरायचं ते मी ठरवीन."

"भरा की," आकाराम म्हणाला, "पर सोडताय आमच्या सुनंच्या नाकात."

शेवटी बायका मॅनेजरकडे गेल्या, हुकूम निघाला आणि सोमवारी सकाळी साहेबांनी नळी मुकाट्यानं फाटकावर दिली. आकारामला लढाई जिंकल्यागत झालं. पण पेटी आधीच गच्च, नळी वर राहून झाकण बसेना. त्यानं वरून दोन बुक्क्या हाणल्या. आत काहीतरी कडकन मोडलं. झाकण मात्र बसलं.

दुपारी थिनरचा टँकर फाटकात येऊन थांबला. उत्कर्षा नमुन्याची बाटली घेऊन त्याच्याशेजारी उभी. आकाराम गाडीचा नंबर लिहीत होता, तेवढ्यात टेबलाखालून आंब्याचा वास आला. महिना मार्गशीर्षाचा. त्यानं झाकणावर हात ठेवला. उतरवलेल्या तव्यासारखं ऊन. आत साठ काडेपेट्या.

डेपोत शिकवलं होतं, अशा वेळी ओरडायचं नाही, पळायचं नाही. ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगून त्यानं पेटी उराशी धरली आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे चालू लागला.

"काका, जेवणाची सुटी झाली," पाठीमागून यशराजसाहेब म्हणाले. "माझी नळी द्या."

आकारामनं मान वळवली नाही.

"सायेब, माझ्या सुनंला घिऊन लांब जावा. मागं येऊ नगा."

पेटीत बारीक शीळ वाजायला लागली होती.