जिपेची खांदेमळणी

रतनसिंगची काळजी पद्माबाईवर कुणी सोपवलेली नव्हती. तो तिच्या नात्यातला नव्हता की गावचाही नव्हता. पण त्या वर्षी दिवाळी सरली, थंडी पडायला लागली, आणि या माणसाचं काहीतरी बिनसलंय हा विचार तिच्या मनाला जो चिकटला तो निघेना. भाकरी थापताना, पाणी भरताना, मुलीची वेणी घालताना तो मध्येच वर यायचा. त्याला कारण होतं रोज सकाळी स्वैपाकघराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य.

समोरच्या कडुनिंबाखाली जीप उभी असे. रतनसिंग तिच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर पत्र्याच्या डब्यात पाणी तापत असायचं. तांब्यानं ते पाणी घेऊन तो चाकाच्या आतल्या अंगाला धार धरायचा, मग तळहातानं तिथंच चोळत राहायचा. एका चाकाचं झालं की दुसऱ्या चाकाशी. आणि हे करताना त्याचे ओठ हलत असायचे. आसपास चिटपाखरू नसायचं.

चाकाशी बोलणाऱ्या या माणसाच्या हवाली आपण आपली एकुलती एक पोर रोज करतो, या विचारानं तव्यावरची भाकरी करपून जायची.

सिद्धेश्वरच्या धरणाचं काम संपून काही वर्षं झाली होती. बांधकामाच्या दिवसांत गजबजलेली वसाहत आता निम्मी रिकामी होती. ओळीनं उभ्या क्वार्टरांना कुलपं, खिडक्यांत कबुतरं. पद्माबाईचे यजमान किशनराव पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते. कालव्याची कामं लांब लांब सरकत गेली तसे तेही लांब गेले. पंधरवड्यातून एकदा यायचे, कपडे धुवायला टाकायचे, झोपायचे आणि परत जायचे. पद्माबाई औरंगाबादेला राहून बी. ए. झालेली. त्यांच्या घराण्यात पदवी घेतलेली ती पहिली बाई. आता तिचं बोलणं मुलगी शाळेतून येईपर्यंत भांड्यांशी चालायचं, आणि मुलगी आली की तिच्याशी.

मुलीचं नाव संघमित्रा, पण सगळे मित्राच म्हणत. ती औंढ्याच्या हायस्कुलात जायची. वसाहतीतल्या सगळ्याच मुलांना तिथं नेण्या-आणण्यासाठी हिंगोलीच्या गुलाबचंद शेठची जुनी जीप भाड्यानं लावलेली होती, आणि रतनसिंग तिचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्याचा तांडा टेकडीपलीकडं. पण बायको, जमनाबाई, गेल्या उन्हाळ्यात गेली आणि लेकरूबाळ काही नव्हतंच. तेव्हापासून तो तांड्यावरच्या घराला कुलूप लावून वसाहतीतल्या पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीत येऊन राहिला होता. तिथं त्याची एक वळकटी, एक डबा आणि एक कंदील होता.

त्याच्या जिपेत एक नियम होता. जो पुढं बसेल त्यानं रतनकाकाला शाळेच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगायची. भाडं म्हणायचा तो त्याला. मित्राची ती हक्काची जागा. तिनं अकबर-बिरबल सांगितले, शिवाजीमहाराज सांगितले, भूगोलातले एस्किमो सांगितले. बर्फाची घरं आणि कुत्र्यांच्या बिनचाकी गाड्या ऐकून तो दिवसभर हसत होता. म्हणाला होता, "चाकच न्हाई म्हंजे पंक्चर न्हाई. ब्येस हाय!"

आणि एक दिवस मित्रा हिरमुसून घरी आली.

"काका आता पुढं कुणालाच बसू देत नाहीत. सगळे मागं बसा म्हणतात. अगदी मागच्या फळीकडं."

"का गं?"

"पुढं वजन नको म्हणतात. स्टेअरिंग जड झालंय."

"मग गोष्ट?"

"मागून सांगितली तर त्यांना ऐकूच येत नाही."

पद्माबाईनं त्या दिवसापासून लक्ष ठेवलं. त्यानं पुढच्या टायरांत हवा इतकी ठासून भरली होती की जीप सशासारखी उड्या मारत जायची. स्टेअरिंगच्या चाकाला त्यानं सुतळीनं बाभळीचा एक गुळगुळीत खुंटा बांधला होता. वळण आलं की तो खुंटा दोन्ही हातांनी धरून, मोट ओढल्यासारखा अंग मागं टाकून ओढायचा. संध्याकाळी उतरायचा तेव्हा उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवायचा.

शेजारच्या क्वार्टरमधल्या भागूबाईला या सगळ्याची करमणूक वाटे. तिचा नवरा तातेराव धरणाच्या बंगल्यावर चौकीदार होता, त्यामुळं वसाहतीतली प्रत्येक खबर आधी तिच्याकडं यायची.

"बायको गेली की माणूस असाच व्हतो बघा, बाई," ती म्हणाली. "सक्काळी उठून गाडीला आंघुळ घालून राहिला. उद्या कुंकू लावंल."

"गॅरेजला का नेत नाहीत?"

"शेठला कळंल नव्हं! म्हाताऱ्याच्यानं गाडी वळंना, असंच म्हनंल शेठ. चावी काढून घिऊन दुसऱ्या पोराला दील. मंग ह्यो काय करंल? आमच्या ह्यांनी इचारलं तर म्हनतो, थंडी हाय, दुपारी मोकळी व्हती."

ते मात्र खरं होतं. सकाळी जीप जास्त अडायची, परतताना कमी. पद्माबाईला त्याचा अर्थ लागेना. थंडीनं माणसाचे सांधे धरतात. गाडीचेही धरतात की काय?

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी जीप जाताना कालव्याच्या पुलाशी फसली. तिथं रस्ता काटकोनात वळतो, आणि पुलाचा कठडा गुडघ्याएवढाही नाही. रतनसिंगनं ओढून ओढून गाडी वळवली, पण वळण संपलं तरी चाकं सरळ येईनात. एरवी हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप मागं फिरायचं. आता ते जिथल्या तिथं अडकलं. ब्रेक लागेपर्यंत पुढचं एक चाक कठड्याला घासून वर चढलं होतं. खाली कालवा भरून वाहत होता.

मुलं उतरली. लागलं कुणालाच नाही. सगळ्यांनी मिळून जीप मागं ढकलली. हे सगळं मित्रानं दुपारी घरी आल्यावर मजा सांगितल्यासारखं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "काका कुणालाच रागावले नाहीत, आई. नुसते बसून राहिले. आणि जिपेला कसला घाण वास येतो! खवट तुपासारखा. चाकावर मुंग्यापण होत्या, लाल."

पद्माबाईनं तिचे कोपर-गुडघे उलटसुलट करून पाहिले. मग तिनं मुलीचा स्कर्ट धुवायला घेतला. ढकलताना चाकाला टेकला होता तिथं त्यावर पिवळा, ओशट डाग पडला होता. तिनं साबण लावला आणि डाग लालभडक झाला.

हळद. हळदीच्या मुलुखात जन्म गेलेल्या बाईला ते कुणी सांगायला नको. पण जिपेच्या चाकात हळद? आणि खवट तूप? तिनं स्कर्ट पाण्यात तसाच सोडला. भाद्रपद लागायच्या आधीची, पोळ्याच्या आदल्या दिवसाची, खांदेमळणीची संध्याकाळ तिला आठवली. घरोघर बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते. त्या संध्याकाळी रतनसिंग जीप घेऊन तांड्यावर गेला होता, आणि परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. भागूबाई त्यावरही काही बोलली होती.

रविवारी दुपारी पद्माबाई कडुनिंबाखाली गेली. जीप दगडांवर चढवलेली होती, पुढची चाकं उतरवून बाजूला ठेवलेली. रतनसिंग घासलेटच्या डब्यात एक लोखंडी भाग बुडवून चिंधीनं पुसत होता. घासलेट पिवळं झालं होतं.

तिला पाहून तो उठू लागला.

"बसा, रतनसिंगभाऊ. काल पुलावर काय झालं ते कळलं मला."

"पोरीनं सांगितलं आसंल. बराबर केलं तिनं."

"ग्रीसच्या जागी लोणी भरलंत तुम्ही."

त्यानं हातातलं लोखंड डब्याच्या काठावर ठेवलं. मग म्हणाला, "लोणी आन् हळद. ग्रीसगनमधी भरून. येडा न्हाई मी, बाई. सारी हयात गाडी हाकली. तिथं ग्रीसच लागतं हे मला ठावं न्हाई व्हय?"

"मग काहून?" तिच्या तोंडून आपसूक गावाकडचा शब्द आला.

"जमना व्हती तवर खांदेमळणी तीच करायची. मी नुसता कासरा धरायचो. ती गेली, मागं बैलांचं करनार कोन? इकून टाकली जोडी." त्यानं चिंधी पिळली. "पोळ्याच्या आदल्या दिशी तांड्यावर गेलो. कशाला गेलो काय की. दारोदार बैलं उभी. आमच्या दाराला कुलूप. शेजारच्या भीमसिंगाच्या घरनं वाटीभर लोनी दिलं मला, भाकरीसंगं खाया. ते घिऊन बसलो वट्यावर. म्होरं जीप उभी. म्हनलं, वरीसभर हीच तर वढती मला. मंग चोळलं तिच्या खांद्याला, म्होरलं चाक वळतं त्या सांध्यात भरलं. बैलांना देत्यात तसं आवतण बी दिलं. आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

तो हसला, पण हसू मिशांच्या पुढं आलं नाही.

"दुसऱ्या कुनाला जेवाया बोलवू, बाई?"

पद्माबाईला तिच्या स्वैपाकघरातलं झाकून ठेवलेलं किशनरावांचं ताट आठवलं. येतो म्हणून ते आले नाहीत, असे किती रविवार गेले असतील. ती बाजूच्या दगडावर बसली.

"पण नंतर तरी धुऊन टाकायचं. जड होतंय हे दिसत होतं ना?"

"दिसत व्हतं. थंडीत गोठायचं सकाळी, म्हनून गरम पानी वतायचो. हवा वाढवली, खुंटा बांधला, लेकरं मागं सरकवली. सारं केलं. पर पुसाया हात व्हईना. रोज म्हनायचो, आज ऱ्हाऊ दे, उद्या." त्यानं मान खाली घातली. "काल ते चाक कठड्यावर चढलं. तुमची पोरगी मागनं वरडली, काका! तवा हात झाला."

"आता मोकळं झालं का?"

त्यानं तो लोखंडी भाग तिच्यासमोर धरला. चाक ज्याच्यावर वळतं तो, जाड खिळ्यासारखा होता, आणि त्यावर खोल चरे पडले होते. कोरडाच घासत राहिला होता तो इतके दिवस.

"न्हाई. ह्यो गेला. दोन्ही बाजूचे गेले. नवे टाकल्याबिगर ही गाडी लेकरं भरून न्यायची न्हाई. मीच नेनार न्हाई. आन् नवे टाकायचे म्हंजे शेठला सांगाया लागतं. मी सांगितलं की त्यो इचारनार, कसे गेले? मंग चावी घेनार. बराबर बी हाय त्याचं." चिंधीनं तो हात पुसू लागला, पुसले तरी पिवळेच राहिले. "चावी गेली तर गेली. पर मंग सकाळी उठून कुनासंगं बोलू? त्या खोलीत भिंतीसंगं?"

ऊन कलत होतं. रिकाम्या क्वार्टरांवरून कबुतरांचा थवा उठला आणि तिथंच परत बसला.

पद्माबाईनं मनाशी दोन्ही बाजू धरून पाहिल्या. गप्प राहिली, तर उद्या सकाळी रतनसिंग म्हणेल जीप बंद आहे. शेठ दुसरी गाडी, दुसरा माणूस धाडेल, आणि हा इथून न सांगता निघून जाईल. कुठं, ते कुणाला कळणारही नाही. आणि सांगितलं तरी चावी जाण्याचं भय आहेच. फरक एवढाच, की सांगताना त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलेल. आईला आपल्या मुलीच्या जिवाची भीती वाटते हे शेठलाही पटेल. आणि तीच आई म्हणाली की गाडी दुरुस्त करा पण माणूस हाच ठेवा, तर ते ऐकणं त्याला भाग पडेल. कदाचित. शेठला ती एकदाच भेटली होती. चहा न विचारणारा माणूस.

पण तिला स्वतःला तरी ते म्हणायचं होतं का? कालचा भरलेला कालवा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मित्रा कठड्यापासून किती हातांवर होती?

"रतनसिंगभाऊ, एक खरं सांगा. नवे भाग टाकले, तर तुमच्या हातानं गाडी वळेल? हाताचं म्हणतेय मी. लपवू नका."

त्यानं उजवा हात वर केला. खांद्याच्या वर जाताना तो थरथरला, पण गेला.

"ग्रीस भरलेलं स्टेअरिंग एका बोटानं फिरतं, बाई. आराम पडला की हात येतो ताळ्यावर. न्हाई आला तर मीच चावी देतो तुमच्या हाती. शेठच्या न्हाई, तुमच्या."

ती उठली. लुगड्याला लागलेली माती झटकली.

"चला बंगल्यावर. तातेरावांना फोन जोडायला सांगते."

"शेठला?"

"शेठला. मी बोलते. तुम्ही शेजारी उभं राहायचं."

तो घाईनं उठला, आणि उठल्यावर तसाच थांबला. "ते लोण्याचं सांगनार?"

"विचारलं तर खोटं नाही बोलणार मी."

"नका बोलू खोटं." त्यानं घासलेटच्या डब्यावर पत्र्याचं झाकण ठेवलं, अगदी हळू, जणू आत काही निजलेलं होतं. "सारं सांगा. ग्रीसगनचं बी सांगा. म्हातारं खुळं झालं व्हतं म्हना. फकस्त जमनाचं नाव घिऊ नका. हसंल त्यो."

"नाही घेणार."

बंगल्याची वाट चढाची होती. ती पुढं चालत होती आणि मागं त्याच्या वहाणांचा आवाज येत होता, कधी जवळ, कधी लांब. एकदा तो थांबला असं वाटून तिनं वळून पाहिलं. तो थांबला नव्हता.

तातेराव व्हरांड्यात बिडी ओढत बसला होता. दोघांना एकत्र येताना पाहून त्यानं बिडी विझवली. रतनसिंगनं वहाणा पायरीशी काढल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, पिवळे हात पाठीमागं घेऊन.

"काय बाई, तुमच्या सायबाला लावायचा?" तातेरावानं किल्ली काढत विचारलं.

"नाही," पद्माबाई म्हणाली. "हिंगोली मागा. गुलाबचंद शेठ."