एस्तेरबाईंची साक्ष

एस्तेरबाई साळवे सकाळी लॅबचं कुलूप काढायच्या, पर्स खिळ्याला अडकवायच्या आणि बेसिनसमोर उभ्या राहून देवाकडे तक्रार करायच्या. डोळे उघडे, नजर कोरड्या नळावर. "प्रभू, आज बी पाणी न्हाई. काल सांगितलं होतं तुला. आता वीस डब्या संडासाच्या येतील, मी हात कशानं धुवू ते तूच बघ. आमेन." पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई शिपायाशी फोनवर भांडतायत.

लोहा तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन म्हणून नवीन लागले होते आणि त्या तिथल्या प्रमुख होत्या. ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, अ‍ॅप्रनवर रंगांचे न निघणारे जांभळे डाग. नांदेडहून आम्ही दोघी एकाच एस.टी.नं जायचो आणि रविवारी एकाच चर्चमध्ये भेटायचो. तिथं त्या बायकांच्या भगिनी मंडळाच्या सेक्रेटरी होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा विनय शाळेत शिक्षक. नोकरी करून एकटीनं मुलगा वाढवला म्हणून चर्चमध्ये त्यांचं उदाहरण दिलं जायचं.

सुरुवातीला नमुन्यांच्या वासानं मला जेवण जायचं नाही. बाई माझ्या हातातली डबी घेऊन शांतपणे उघडायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात किळस करण्यासारखं काय हाय? माणूसच हाय, पातळ झालेला." हळूहळू मलाही सवय झाली. थुंकी, पू, लघवी, काहीही समोर आलं तरी मी अर्ध्या तासानं डबा उघडून पोळी-भाजी खाऊ लागले. प्रार्थनेबद्दलही त्यांचं म्हणणं लॅबमधलंच असायचं. लघवीत कुणी साखर घालून आणली तर रिपोर्ट खोटा येतो, मग देवापुढे तरी गोड करून कशाला न्यायचं, असं त्या विचारायच्या. हे त्यांचं बोलणं मला फार आवडायचं. म्हणूनच पुढं जे झालं ते इतकं लागलं.

मला मुलगी झाली. तिचं नाव आम्ही इवा ठेवलं. रजा संपवून मी कामावर आले तेव्हा ती सहा महिन्यांची होती, आणि मला तिची किळस येत होती.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. तिच्या मानेच्या वळीत साचलेल्या दुधाचा आंबूस वास, ओठांवरून ओघळणारी लाळ, माझ्याच ब्लाऊजवर वाळून कडक झालेले डाग, हे सगळं बघून पोटात ढवळून यायचं. दिवसभर परक्यांची विष्ठा काचपट्टीवर पसरणारी मी घरी स्वतःच्या लेकराचं दुपटं बदलू शकत नव्हते. एकदा लॅबमधला लांब चिमटा पर्समध्ये टाकून घरी नेला आणि त्यानं दुपटं उचललं. सासूबाईंनी बघितलं नाही म्हणून वाचले. तिला पाजून झालं की मी साबणानं हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, बोटांची सालं निघेपर्यंत. नवरा, प्रकाश, म्हणायचा की दमली असशील, रविवारी झोप काढ. रविवारी चर्चमध्ये बाया इवाचे गाल ओढून मला म्हणायच्या, किती आशीर्वादित आहेस तू. मी हसायचे.

माझे हात बाईंनीच पहिल्यांदा बघितले. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी माझी बोटं भिंगाखाली धरावीत तशी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, हे काय करून राहिलीस. मी सगळं सांगितलं. चिमट्याचंही सांगितलं. त्यांनी माझी बोटं सोडली. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाल्या की हे तुझ्या-माझ्यात राहील, मी प्रार्थना करते. त्या दिवशी घरी जाताना मला कित्येक महिन्यांनंतर भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी भगिनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मंडळाच्या अध्यक्षा रत्नमालाबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा आहे. आपल्या एका तरुण, नोकरदार भगिनीसाठी कळकळीची प्रार्थना विनंती आहे, असं त्या सांगत होत्या. नाव घेत नाही, पण ती दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिला पोटच्या लेकराची घृणा वाटते, ती त्याचं दुपटं चिमट्यानं उचलते. नोकरीच्या मागं लागून आपण आपल्या माता कुठं हरवून बसलो, असं म्हणून त्यांनी उसासा सोडला. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. एकीनं विचारलं होतं, चिमटा म्हणजे स्वयंपाकाचा का?

चिमट्याची गोष्ट या जगात एकाच माणसाला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी उठून मागच्या सीटवर गेले. लॅबमध्ये आम्ही एकमेकींना फक्त नमुन्यांचे नंबर सांगायचो. सकाळी त्या बेसिनसमोर उभ्या राहिल्या की मी बाहेर जायचे, कारण त्यांच्या प्रार्थनेचा मला वीट आला होता.

महिनाभरात मंडळानं लातूरला नोकरदार मातांसाठी शिबिर ठेवलं. मनाचा आनंद आणि विश्वास, असा काहीतरी विषय होता. तोवर सासूबाईंच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यांनी मला पाठवलंच. पत्र्याच्या हॉलमध्ये शंभरेक बाया. शाळेत शिकवणाऱ्या, अंगणवाडीवाल्या, नर्सा, तहसीलमधल्या. बहुतेकींचे डोळे सुजलेले, कारण पहाटे उठून घरचा स्वयंपाक करूनच आल्या होत्या. आणि रत्नमालाबाई, ज्यांनी जन्मात एक दिवस नोकरी केली नव्हती, त्यांना सांगत होत्या की थकवा विश्वासाच्या कमतरतेतून येतो. खऱ्या विश्वासिणीला कंटाळा येत नाही. चिडचिड हे सैतानाला उघडलेलं दार आहे. माझ्या शेजारची बाई हे वहीत उतरवून घेत होती.

शेवटी त्या म्हणाल्या की जिच्यासाठी आपण प्रार्थना करतोय ती बहीण आज इथंच आहे, तिनं पुढं यावं. हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. कुणीतरी दंडाला धरून मला उठवलं. मग माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात आले. खोबरेल तेलाचा वास, घामाचा वास, तोंडातल्या वेलचीचा वास. एक जाड अंगठीवाला हात माझ्या पोटावर होता आणि तो दाबत होता. मला म्हणायला लावलं की मी माझ्या लेकरावर प्रेम करते. मी तीन वेळा म्हटलं. एक मुलगी मोबाइलवर चित्रण करत होती. बाजूच्या रांगेत एस्तेरबाई बसल्या होत्या. मान खाली, दोन्ही हात पदरात. त्या उठल्या नाहीत.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीतून ओकले. अंगावर त्या हातांचा वास होता. लॅबमध्ये आयुष्यात इतकी घाण हाताळली, पण त्या दुपारसारखी किळस मला कधी आली नव्हती. त्यातली निम्मी एस्तेरबाईंची होती.

पुढच्या रविवारी उपासनेत चर्चच्या पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं की कुणाला साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा आहे का. एस्तेरबाई उठल्या आणि पुढं गेल्या. दुसऱ्या रांगेत विनय, त्याची बायको आणि दोन मुलं होती. बाईंनी माईक घेतला नाही.

"एका पोरीनं मला तिचं दुखणं विश्वासानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी ते प्रार्थना विनंती म्हणून मंडळात दिलं. ती प्रार्थना नव्हती, चहाडी होती. लातूरला तिला पुढं ओढलं तवा मी बसून राहिले. का, तर लोक माझ्याकडं बी तसंच बघतील म्हणून."

पाळकांनी की-बोर्डवाल्याला खूण केली. गाण्याचे सूर सुरू झाले. बाईंनी आवाज चढवला.

"तिला झालं ते मला बी झालं होतं. विनय झाला तवा. मला माझ्या लेकराची किळस यायची. दीड वर्ष. हात लावला की मळमळायचं. तीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं न्हाई. अन् त्या पोरीचं दोन दिवसांत सांगितलं."

की-बोर्ड थांबला. विनय उठला, धाकट्या मुलाला उचललं आणि बाहेर निघून गेला. त्याच्यामागं त्याची बायको. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. आमेन कुणी म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीपदावरूनही. विनयनं फोन घेणं बंद केलं.

सोमवारी लॅबमध्ये त्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. नांदेडच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंचा पत्ता होता. मी म्हटलं, तुमच्यासोबत मी कुठंही येणार नाही.

"माझ्यासंगं नको येऊ," त्या म्हणाल्या. "पण जा. मी गेले न्हाई. दीड वर्षं देवाशी खोटं बोलले, त्यात माझं लेकरू होरपळलं."

मी प्रकाशला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी विश्वासाबद्दल काही विचारलं नाही. शेवटची सलग झोप कधी लागली, एवढंच विचारलं, आणि मला रडू फुटलं. बाळंतपणानंतर येणारा हा आजार आहे, असं त्यांनी दोघांना नीट समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलं. प्रकाश घरी आल्यावर सासूबाईंशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलला आणि दुपटी स्वतः बदलू लागला. मी एकदम बरी झाले नाही. इवा अकरा महिन्यांची असताना एका दुपारी ती माझ्या मांडीवर ओकली आणि मी तिचं तोंड पदरानं पुसलं. पुसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पोटात ढवळलं नाही.

त्या साक्षीनंतर काही बाया चोरून लॅबमध्ये येऊ लागल्या. पहिली आली ती लातूरला वहीत उतरवून घेणारी अंगणवाडीसेविका. रक्त तपासायचं म्हणून आली आणि बाकावर बसून राहिली. मग एक शिक्षिका, एक नर्स. दुपारी नमुने संपले की बाई दार लोटायच्या. उपदेश नाही, डोक्यावर हात नाही. प्रत्येकीनं देवाला एक खरी गोष्ट सांगायची, एवढाच नियम. प्रभू, मला आज घरी जावंसं वाटत नाही. प्रभू, ताप आलेल्या मुलाला शेजारणीकडे ठेवून आले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कुणी कुणाचं बाहेर सांगायचं नाही, हे बाई दर वेळी सांगायच्या, आणि सांगताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी त्यांच्यात बसायचे. पण बाईंना मी माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या जळकोटजवळ भावाच्या घरी गेल्या. मूत्रपिंडाचा आजार बळावला होता. मी एकदा इवाला घेऊन भेटायला गेले. त्यांनी इवाला जवळ बोलावलं नाही, लांबूनच बघत राहिल्या. विनयची चौकशी केली तर म्हणाल्या की आला होता परवा, दोन तास बसला. आणखी काही सांगितलं नाही. निघताना मी त्यांच्या कोरड्या पडलेल्या हातांना तेल लावलं. त्यांनी लावू दिलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दफनाला नांदेडची सगळी मंडळी होती. ज्यांनी त्यांना ग्रुपमधून काढलं, त्याच बाया पुढच्या रांगेत डोळे टिपत होत्या. कबरीपाशी रत्नमालाबाई बोलायला उभ्या राहिल्या. आमची एस्तेर सदा हसतमुख, असं त्यांनी सुरू केलं. तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. मातृत्वाचा आनंद कसा असतो तो तिच्याकडे बघून कळावा. आवाज तोच, पाकातला. आता पुढं होऊन बोलावं असं वाटलं, पण सगळे माझ्याकडे बघतील म्हणून मी होते तिथंच राहिले. एस्तेरबाईंना लातूरला काय झालं होतं, ते मला तिथं कळलं.

तेवढ्यात विनय पुढं आला. रत्नमालाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं बाजूला केला.

"माझ्या आईला माझी किळस यायची," तो म्हणाला. "तिनं ते तुमच्यासमोर सांगितलं होतं. मी उठून गेलो होतो." तो कबरीकडे वळला. "जळकोटला भेटायला गेलो तेव्हा मी तिला विचारलं, मग मला आंघोळ कोण घालायचं. म्हणाली, मीच. रोज. मळमळायचं तरी मीच."

रत्नमालाबाई आमेन म्हणू लागल्या, पण त्यांच्यामागं कुणी म्हणालं नाही. विनय खाली वाकला आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागला.